स्वानंदीच्या बाजूचं चाक

७ सप्टेंबर २०२५, रविवार

ट्रक कमी होता म्हणून आता चाकं!

जावयाने श्रावणात पिकअप ट्रक घेतला तेव्हाच मी तोंड मिटून घेतलं होतं. मागे उघडा हौदा, चढायला पायरी, बोनेट माझ्या छातीपर्यंत. व्हाइटफील्डला बाराव्या मजल्यावर बसून लॅपटॉप बडवणाऱ्या माणसाला हौद्यातून काय वाहायचंय? विटा? सिमेंट? आज मुद्दाम वाकून पाहिलं — योगाची चटई आणि स्वानंदीची सायकल. बस्स.

आता कंपनीची चाकं काढून रुंद टायरांची काळी चाकं बसवून आणली आहेत. आमच्या क्रॉसमध्ये, म्हणजे गल्लीत, गाडी वळली आणि मी व्हरांड्यात बसल्या बसल्या ऐकलं — खर्रर्र. टायर आत कुठेतरी घासतंय. शंतनु खाली उतरला तो असा चेहरा करून, की सासऱ्याला काय कळणार आहे!

मी विचारलंच. "थोडंसं रब होतंय बाबा. पुढची पूर्ण वळवली की, आणि मागची लोड असेल तर. स्पेसर टाकले की सॉर्टेड."

स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्या मधे घालायची धातूची जाड चकती. चाक तेवढं बाहेर सरकतं, घासणं थांबतं. थांबतं खरं! पण मग चाक गाडीला लागलेलं नसतं, चकतीला लागलेलं असतं. चकती गेली की चाक गेलं. सदतीस वर्षं मी सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात सुट्या भागांवर लाल शिक्के मारले. नापास, नापास, नापास. आणि माझ्याच घरात हे ध्यान आलंय.

मागच्या सीटवर डावीकडे स्वानंदीची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली आहे. मागचं डावं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर. माझी नात, सहा वर्षांची पोर. मी खिडकीतून पाहून घेतलं आणि मग जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर

भव्याला फोन केला. म्हटलं, नवऱ्याला सांग, जुनी चाकं परत लाव. "अप्पा, ती दुकानदाराने बदल्यात घेतली ना. परत देत नाही म्हणतो." वा! हात दाखवून अवलक्षण.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी आधी चाक काढायला लावलं. हबचं माप घेतल्याशिवाय बाजारात जाणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला आणणं. जॅक सीटखाली असतो हे शोधायला साहेबांना फोनवर व्हिडिओ बघावा लागला! मी पायरीवर बसून बघत होतो. मदत केली नाही.

मग जे. सी. रोड. शर्टाच्या खिशात व्हर्नियर होताच. शंतनु हसला — "बाबा, तुम्ही हे घेऊन फिरता?" लोक पेन ठेवतात, मी हे ठेवतो.

हयवदन नावाचा दुकानदार. कपाळाला गोपीचंदनाचा ठसा, काउंटरवर चकत्यांचा ढीग. "युनिवर्सल सार! एल्ला गाडीगू सेट आगत्ते!" सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे. मी त्याला कन्नडातच सांगितलं, जे सगळ्यांना बसतं ते कुणालाच बसत नाही. मधलं भोक मोजलं — एकशे दहा. आमच्या हबची मधली बैठक शंभर. म्हणजे चहूबाजूंनी पाच-पाच मिलिमीटर मोकळं. चाक मध्यावर राहणार कशाच्या जोरावर? सहा नटांच्या! गाडीचं वजन, माणसं, सामान आणि या शहरातले खड्डे, सगळं नटांच्या मानेवर. "येनू आगल्ला सार," हयवदन म्हणाला. काही होत नाही. हे वाक्य मी सदतीस वर्षं ऐकलंय. काहीतरी होईपर्यंत सगळे हेच म्हणतात.

मग त्याने आतून दुसरी जोडी काढली. सोनेरी मुलामा, खोक्यावर डरकाळी फोडणारा लांडगा. लांडगा डरकाळी फोडत नाही, हेसुद्धा छापणाऱ्याला माहीत नाही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काठावर नख फिरवलं तर ओतकामाची बारीक छिद्रं. जाडी चार ठिकाणी मोजली — तीस, तीस पॉइंट एक, एकोणतीस पॉइंट सात, तीस पॉइंट दोन. असली चकती लावली तर चाक नाचत जाईल. मी मोठ्याने आकडे वाचायला लागलो तशी दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेली. हयवदनने माझ्या हातातून चकती हिसकावली. "निम्म व्यापारा बेडा सार, होगी!" तुमचा धंदा नको, जा म्हणाला. गेलो.

आणि हा सगळा वेळ जावई काय करत होता? माझ्या मागे उभा राहून फोनवर टकटक. मित्रांना कळवत असणार, म्हातारा कसा तमाशा करतोय ते.

१४ सप्टेंबर

सरस्वती म्हणते, "अहो, जावई आहे तो, तुमच्या खात्यातला हेल्पर नव्हे. स्वल्प सांभाळून बोला." हेल्पर असता तर तीन दिवसांत बदली करून टाकली असती.

१५ सप्टेंबर

शंतनुने तक्ता पाठवला आहे. परवा दुकानात टकटक करत होता ते हेच! मी दुकानात बोललो तो शब्द न् शब्द लिहून घेतलाय. मधलं भोक हबला तंतोतंत बसणारं. चाकाच्या बाजूला तशीच उभी कड, म्हणजे चाकही मध्यावर बसेल. नुसती सरकवायची चकती नको. हबवर स्वतःच्या नटांनी बसणारी आणि चाकासाठी वेगळे स्टड, म्हणजे नट चढवायचे दांडे, असलेली हवी. ओतीव नको, घडीव अ‍ॅल्युमिनियम. स्टडवर ताकदीचा आकडा कोरलेला. बरोबर चाचणीचा दाखला.

पुढे स्वतःची भर — जाडी पन्नास. "लूक जबरदस्त येईल, बाबा." आला ना मूळ पदावर! बाहेर जेवढं सरकवशील तेवढा बेअरिंगवर ताण, एवढं कळत नाही. मी लिहून पाठवलं : हबचे मूळ स्टड अठ्ठावीस मिलिमीटर बाहेर आहेत, चकती त्याहून पातळ असेल तर ते चाकाच्या पाठीत घुसतील, म्हणून तीस. घासणं थांबायला अठराच पुरे आहेत. तीस म्हणजे तीस. टायर मडगार्डच्या बाहेर आलं तर पोलीस विचारायच्या आधी मी विचारीन. आणि विमा कंपनीला लेखी विचार.

उत्तर आलं : अंगठा. नुसता पिवळा अंगठा!

१७ सप्टेंबर, बुधवार

मेट्रोने पीण्या औद्योगिक वसाहतीत, कल्लाप्पाच्या वर्कशॉपमध्ये. कारखान्यात तो लेथवर आणि मी तपासणीला. त्याच्या किती भागांवर मी लाल शिक्का मारला असेल त्याला गणती नाही, तरी मला पाहिलं की कॉफी मागवतो. विचित्र माणूस.

स्पेसर म्हटल्यावर तो उठला आणि कपाटातून एक चकती काढून टेबलावर ठेवली. दोन तुकडे. कुणाच्या तरी जीपचं चाक तुमकूर रोडवर निघालं आणि दुभाजक ओलांडून पलीकडे गेलं, त्यातली. जीपमधली माणसं वाचली. चाकाने समोरून येणाऱ्या स्कूटरला उडवलं. स्कूटरवाल्याचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मी म्हटलं, ओतीव माल, दुसरं काय. तर म्हणतो, माल खराब आहेच, पण सुरुवात तिथून नाही झाली. तुकडा उलटा करून दाखवला. हबवर टेकणाऱ्या बाजूला निळ्या रंगाचा डाग. बसवणाऱ्याने हबवरचा रंग खरवडला नव्हता. आवळताना घट्ट लागतं. मग चाक फिरतं, रंग चुरत जातो, आणि जेवढा रंग गेला तेवढा नट सैल. मग चाक हलायला लागतं आणि मग चीर. "नडुवे एनू इरबारदु, शामण्णा." मधे काही असता कामा नये.

मला शिकवतो! मला! हे वाक्य मीच त्याला पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं असेल. तरी येताना मेट्रोत ते दोन तुकडे डोळ्यांपुढून हलेनात. भीती वाटते. पोरीची भीती वाटते, दुसरं काही नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पार्सल आलं. आमच्या पत्त्यावर मागवलंय — "तुम्ही मोजल्याशिवाय लावणार नाही, बाबा." उघडायला कात्री घेतली तर सरस्वती आडवी. पितृपक्षात नवी वस्तू उघडायची नाही! सोमवारी घट बसले की मगच. मी या सगळ्यातला नव्हे. वर्षातून एकदा खंडेनवमीला हत्यारांपुढे हात जोडतो, एवढाच माझा देवधर्म. पण हिच्यापुढे काय बोलणार? खोकं कपाटावर.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले, खोकं उघडलं. दोन तास मोजत होतो. प्रत्येक चकतीची जाडी आठ ठिकाणी, मधलं भोक, बाहेरची कड, स्टडची सरळ रेषा. खोट सापडावी म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, हे कबूल. सापडली नाही! चारही चकत्यांची जाडी तीस आणि वर एक शतांश. भोक हबपेक्षा केसभर मोठं, हवं तेवढंच. स्टडवर आकडा कोरलेला. दाखल्यावरचा नंबर चकतीवरच्या नंबराशी जुळतो.

पास. नाइलाज आहे.

बनावट पुण्याजवळची निघाली. शंतनु मूळचा पुण्याचा, त्याला फोनवर सांगितलं तर त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. पुण्याचं काही चांगलं निघालं की या लोकांना स्वतःच केल्यासारखं वाटतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

जावयाने टॉर्क रेंच विकत घेतला! नट किती जोराने आवळायचा ते सांगणारा पाना — माझ्याकडे आहे तो एकोणतीस वर्षांचा. माझं हत्यार घराबाहेर जात नाही, हे त्याला माहीत आहे. मग ऑनलाइन मागवलं. खोक्यात रंगीत पुस्तिका, रबरी मूठ. खेळणं! म्हटलं, आण, पडताळून पाहू. दोन्ही एकाच नटावर लावले. फरक दोन टक्के. पुन्हा लावले. दोनच टक्के. मी म्हटलं, नवीन आहे म्हणून, वर्षभराने बघू.

विमा कंपनीचं उत्तरही त्याने छापून आणलं होतं. नोंद केली आहे, हरकत नाही. मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

मग एका कार्डावर नियम लिहून दिले. माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात, म्हणजे "दिसलं नाही" म्हणायला नको. नियम एक : टेकणाऱ्या दोन्ही बाजू उघडा धातू. रंग, गंज, तेल, काहीही नको. पुढे नट हाताने सुरू करणे, समोरासमोरच्या क्रमाने आवळणे, जोर गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच, गॅरेजवाल्याला नट आवळायची हवेची बंदूक लावू न देणे. नियम सहा : ऐंशी किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा आवळणे. ट्रकचे आणि चकतीचे, दोन्ही.

तीन तारखेला सकलेशपूरला जायचं ठरवलंय. घाट, पाऊस, पोर मागे. म्हणून म्हटलं, नियम सहा तोंडपाठ कर. कार्ड त्याने पाकिटात घातलं, पैशांच्या कप्प्यात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

इथल्या भाषेत आयुधपूजा. सगळा मल्लेश्वरम रस्त्यावर. बसला केळीचे खांब, रिक्षाला केळीचे खांब, इस्त्रीवाल्याच्या गाड्याला झेंडूची माळ. चौकाचौकांत कुंकू भरलेले कोहळे फोडून ठेवलेत, संध्याकाळपर्यंत चार स्कूटरवाले तरी घसरतील. आमचा ट्रकही नवरदेव. शंतनु चाकाखाली लिंबं ठेवून फोटो काढत होता. एकच फोटो अकरा वेळा!

आत देवापुढे लाल कापडावर माझी हत्यारं मांडली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच. शेजारी चार चकत्या. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायच्या. आज हत्याराला हात लावायचा नाही. सरस्वतीने तेलात कुंकू कालवून बोटाने भरपूर लावलं, वर अक्षता चिकटवल्या. कारखान्यात लेथवर लावलेलं कुंकू पुढच्या नवमीपर्यंत कुणी पुसत नसे. साहेब आला तरी नाही.

शंतनुने न विचारता आपला नवा पाना माझ्या पान्याशेजारी ठेवला. त्यालाही कुंकू लागलं. सणाचा दिवस, म्हणून चालवून घेतलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

चकत्या बसल्या. पण सकाळी डोकं फिरायची वेळ आली होती.

मी जुनी पँट घालून बाहेर येतो तर शंतनु पायरीवर बसून चकत्या पुसतोय! रॉकेलसारख्या वासाचं काहीतरी फडक्यावर घेऊन देवीचं कुंकू पुसतोय, दसऱ्याच्या दिवशी! तीन स्वच्छ झाल्या होत्या. चौथी मी त्याच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, नियम एक ना? उघडा धातू?"

माझाच नियम मला! भव्या उभी, स्वानंदी उभी, शेजारचे शेषगिरी फाटकात कॉफीचा पेला घेऊन उभे. मी म्हटलं, "कुंकू म्हणजे रंग नव्हे. पूजेचं कुंकू पुसत नसतात. पुण्यात पुसत असतील." शेषगिरी हसले. शंतनुचे कान लाल झाले. सरस्वती म्हणाली, "अहो, असू द्या, पुसलं तर काय—" तिलाही गप्प केलं. सदतीस वर्षं काय गवत उपटत होतो मी? कुंकवाचा तो थर केवढा, माझ्या हाताचा जोर केवढा!

चकतीवर फुंकर मारली. सुट्या अक्षता उडाल्या. चिकटलेलं राहू दिलं. ही चकती मी मुद्दाम मागच्या डाव्या चाकाला लावली. स्वानंदीच्या बाजूला. देवी असू दे पोरीच्या बाजूला. हे मी मोठ्याने बोललो नाही, इथे लिहितो.

हब चारही घासून लख्ख केले होते. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. टक. टक. टक. शंतनुने आपल्या खेळण्याने पुन्हा तपासले. टक. एकही हलला नाही. गाडी क्रॉसमधून पूर्ण वळवून दाखवली, घासल्याचा आवाज गेला. शेषगिरींनी टाळी वाजवली.

जावई दिवसभर फारसा बोलला नाही. आपट्याची पानं देताना वाकून नमस्कार मात्र केला. फुगून बसायला एक कारण हवं असतं या पिढीला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेसहाला निघाले. स्वानंदी मागच्या खिडकीतून हात हलवत होती, वळेपर्यंत. मी त्या चाकाकडेच बघत राहिलो. छान फिरत होतं.

दुपारी भव्याचा फोन, हासनहून. कुणिगलच्या पुढे शंतनुने गाडी थांबवली — नियम सहा. ठीक. पण पाऊण तास! पाऊण तास लागला म्हणे! हिला आणि स्वानंदीला समोरच्या हॉटेलात तट्टे इडली खायला पाठवलं, "आरामात खा, घाई नाही." दोघींच्या दोन-दोन इडल्या झाल्या, कॉफी झाली, तरी हा गाडीखाली. पुस्तक समोर ठेवून आवळत असणार एकेक नट. मी असतो तर सगळं वीस मिनिटांत झालं असतं.

"आणि अप्पा, नवीन पांढरा शर्ट पार गेला. लाल-काळा. आता टीशर्ट घातलाय." घ्या! गाडीचं काम आणि पांढरा शर्ट! हौद्यात योगाची चटई नेतो, फडकं नेत नाही. हसू आलं, सरस्वतीलाही सांगितलं.

हासनला पुन्हा थांबून नट तपासत होता म्हणे. पुन्हा कशाला? नियम सहा एकदाच लिहिलाय. आता मला घाबरून अतिरेक करतोय.

४ ऑक्टोबर

फोटो आला. कॉफीच्या मळ्यात ट्रक, हौद्यात स्वानंदी उभी. चाकं दिसतात बरी. हे कुणाला सांगणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चारला आले. स्वानंदी पळत आत गेली. भव्या आत गेली. शंतनु माझ्याजवळ व्हरांड्यात थांबला. पाकिटातून माझं कार्ड काढून दिलं आणि घडी घातलेला रुमाल.

रुमालात चार अक्षता. चपट्या, लाल, तेलकट. अर्ध्या पीठ झालेल्या.

"मागचं डावं, बाबा. आतले, चकतीला हबवर धरणारे नट. दोन तर हाताने फिरले. चाक काढलेलंच होतं, चकतीही काढली, पुसून परत बसवली. हासनला तपासली, सकलेशपूरलाही तपासली, आता पक्की आहे. भव्याला सांगितलं नाही. तुम्हीही नका सांगू." मग जाता जाता म्हणाला, "आईंना द्या, देवापाशी ठेवतील. टाकायचं नसतं ना?"

आतून स्वानंदीचा आवाज येत होता.

कार्डावर त्याने प्रत्येक नियमापुढे बरोबरची खूण केली आहे, किलोमीटरच्या आकड्यासकट. नियम एकपुढे काही नाही. जागा कोरी सोडली आहे.

लाल पेन शोधलं. त्या कोऱ्या जागेत लिहिलं : नापास. खाली सही केली — शामसुंदर.